थंड हवामानाच्या धाटणीची सॉव्हिन्यॉन ब्लाँ वाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते आणि दर वर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या एका वायनरीत खुडणीपासून किण्वनापर्यंतच्या (म्हणजे रस आंबवण्यापर्यंतच्या) कामासाठी मुक्कामाला असते. उरलेल्या महिन्यांत ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल येथून प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांत दिंडोरी-निफाडकडे वडिलोपार्जित बाग असलेले नोकरदार आहेत, अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी आहेत, आणि एखादी बाटली आवडली म्हणून ती कशी तयार होते एवढेच जाणून घेऊ इच्छिणारेही आहेत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल, तेथे तो क्रमांक दिला आहे.

१. ‘थंड हवामानाची’ सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही द्राक्षाची वेगळी जात आहे का?

नाही, जात एकच आहे. सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही फ्रान्समधील पांढऱ्या द्राक्षाची जुनी जात असून तांबड्या काबर्ने सॉव्हिन्यॉनची ती जन्मदाती आहे. काबर्ने फ्रां आणि सॉव्हिन्यॉन ब्लाँ यांच्या संकरातून काबर्ने सॉव्हिन्यॉन निपजली, हे १९९७ मध्ये डीएनए तपासणीतून स्पष्ट झाले. फरक पडतो तो वेलीने कोणत्या हवेत मणी पिकवले यामुळे. वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस असेल तर त्या प्रदेशाला थंड आणि १५ ते १७ अंश असेल तर मध्यम म्हणतात. फ्रान्समधील ल्वार नदीचे मधले खोरे, न्यूझीलंडमधील मार्लबरो, ऑस्ट्रियातील स्टायरिया आणि चिलीतील समुद्राच्या गार वाऱ्यावर पोसलेले कासाब्लांका खोरे यांची नावे या धाटणीसाठी घेतली जातात.

हवेचा परिणाम तीन गोष्टींवर होतो. पहिली म्हणजे मॅलिक आम्ल. वेल ते श्वसनात खर्च करते आणि उष्णता वाढली की हा खर्च झपाट्याने वाढतो, म्हणून गार प्रदेशातील रस अधिक आंबट राहतो. दुसरी म्हणजे पायराझिन हे द्रव्य. ढोबळी मिरची चिरल्यावर जो हिरवा, तिखटसर वास हाताला लागतो तो याच कुळातील द्रव्याचा असतो, आणि पाण्यात लिटरला सुमारे २ नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही नाकाला तो कळतो. ऊन आणि पक्वता यांमुळे पायराझिन घटते. तिसरी गोष्ट म्हणजे थायोल गटातील द्रव्ये, ज्यांच्यामुळे पॅशनफ्रूट, पेरू आणि पपनसाचा वास येतो. ही द्रव्ये मण्यात बांधलेल्या, बिनवासाच्या स्वरूपात असतात आणि किण्वनात यीस्ट त्यांना मोकळे करते. त्यामुळे बागेत मणी चावून पाहिला तर ढोबळी मिरचीचा भास होतो, पण पॅशनफ्रूटचा होत नाही. तो वास टाकीतच जन्माला येतो.

२. जो तो मार्लबरोचेच नाव का घेतो? सान्सेर तर त्याहून जुने आहे ना?

जुने आहेच. सान्सेर आणि पुयी-सुर-ल्वार (पुयी-फ्यूमे वाइनचे गाव) ही ल्वारच्या दोन काठांवरील गावे या द्राक्षासाठी फार आधीपासून ओळखली जातात; तेथील चुनखडीच्या आणि गारगोटीच्या जमिनीवरची वाइन संयत, लिंबासारखी आणि कमी बोलकी असते. मार्लबरोत व्यापारी प्रमाणावर वेली लागल्या त्या १९७३ मध्ये, सॉव्हिन्यॉन ब्लाँ आली १९७५ मध्ये आणि तिची पहिली वाइन १९७९ ची. इतक्या थोड्या काळात तिने जगाची चव बदलली, कारण तेथील दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री गार असल्यामुळे हिरवा वास आणि फळांचा वास दोन्ही एकाच पेल्यात भरभरून मिळतात. आपल्याकडे ‘थंड हवामानाची’ म्हणताना बहुतेकांच्या मनात मार्लबरोच असते, पण नाशिकच्या फळाला मला सान्सेरचा संयम अधिक शोभतो असे वाटते.

३. नाशिक तर थंड प्रदेश नाही. मग तेथील द्राक्षातून ही धाटणी साधते तरी कशी?

पूर्णपणे साधत नाही, हे आधी सांगायला हवे. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मार्लबरो ४१ अंश दक्षिणेच्या पलीकडे. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी उतरतो, ही बातमी आपण दर वर्षी वाचतो आणि त्यावरून तेथे थंड हवामानाची द्राक्षे होत असतील असा समज करून घेतो. खरा मुद्दा मात्र थंडी किती पडते हा नसून ती केव्हा पडते हा आहे. मार्लबरोत मणी पिकतात ते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडच्या शरद ऋतूत. पक्वता पुढे सरकते तसतशी हवा गार होत जाते आणि वेलीला साखर भरायला सवडीने वेळ मिळतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, थंडीत मणी वाढतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत, नेमकी हवा तापू लागते तेव्हा, पिकतात. मार्लबरोचे फळ थंडीकडे चालत जाते आणि नाशिकचे फळ उन्हाकडे. त्यामुळे साखर चढणे आणि आम्ल उतरणे या दोन गोष्टी आपल्याकडे फार वेगाने घडतात, आणि जो क्षण पकडायचा तो काही दिवसांचाच असतो.

म्हणून जे हवामान देत नाही ते आपल्याला खुडणीची वेळ, रात्रीचा गारवा, शीतकरण आणि हवेपासून बचाव यांतून भरून काढावे लागते. वेलीपासून पेल्यापर्यंतची ही गारव्याची साखळी एका ठिकाणी तुटली तरी पुढे कितीही खर्च केला तरी ती जोडता येत नाही. सुला या नाशिकच्या वायनरीच्या २००० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या वाइन सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ (पांढऱ्या द्राक्षाची आणखी एक जात) यांच्या होत्या, म्हणजे हा प्रयत्न येथे नवा नाही. तो दर हंगामात नव्याने करावा लागतो, एवढेच.

४. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये घरच्यापुरती पाचदहा लिटर वाइन केली तर चालेल का?

चालणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे आणि ‘घरच्यापुरती’ हे त्याला उत्तर होत नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच उत्तर आडवळणाने देत नाही. स्वतःची बाग असेल तर परवानाधारक वायनरीशी करार करून आपल्या फळाची वाइन तेथे करून घेण्याचा मार्ग राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून आधी समजून घ्यावा.

शिकण्यासाठी मात्र फ्लॅट पुरेसा आहे. न आंबवलेल्या ताज्या रसावरचे प्रयोग घरी करता येतात : साखर मोजणे, सामू म्हणजे पीएच मोजणे, आम्लता काढणे, फ्रिजमध्ये रस निवळत ठेवून गाळ कसा बसतो ते पाहणे, एक पेला उघडा आणि एक काठोकाठ भरून झाकलेला ठेवून रंगातील फरक नोंदवणे. या धाटणीचे अर्धे यश रसाच्या टप्प्यावरच ठरते, त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

५. वाशीच्या फळबाजारात मिळणारी हिरवी द्राक्षे यासाठी वापरता येतील का?

सरावाच्या रसासाठी येतील, वाइनसाठी नाही. बाजारात येणारी बहुतेक हिरवी द्राक्षे थॉमसन सीडलेस किंवा तिच्याच कुळातील असतात. मणी लांब आणि टपोरे व्हावेत म्हणून त्यांना जीए (जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संजीवक) देतात, साल पातळ आणि गर भरपूर असतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी याउलट लहान, रसाच्या मानाने सालीचा वाटा मोठा आणि बी असलेला असतो. वासाची द्रव्ये मुख्यतः सालीत आणि सालीलगत असतात. थॉमसनचा रस गोड आणि मवाळ होतो, त्यात पायराझिनचा मागमूस नसतो.

६. खुडणी नेमकी किती ब्रिक्सला करायची?

केवळ ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे शेकडा प्रमाण, पाहून निर्णय घेणाऱ्यांना मी दर वेळी थांबवते. या धाटणीसाठी २० ते २२ ब्रिक्स, सामू ३.० ते ३.३ आणि आम्लता लिटरला ७ ते ९ ग्रॅम असा मेळ शोधायचा असतो, आणि तिन्ही आकडे एकत्र जुळतील असे दिवस नाशिकला मोजकेच मिळतात. जुळत नसतील तर मी सामूच्या बाजूने कौल देते : २०.५ ब्रिक्स आणि ३.२ सामू असलेले फळ मला २३ ब्रिक्स आणि ३.५ सामू असलेल्या फळापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. २२ ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेबारा टक्के मद्यार्क मिळतो, आणि या वाइनला त्याहून अधिक लागतही नाही.

नमुना घेताना माणसे नकळत उन्हाकडचे, दिसायला पिकलेले मणी तोडतात आणि साखर जास्त दाखवून मोकळी होतात. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून, मधून आणि टोकावरून, सावलीतले आणि उन्हातले असे किमान शंभर मणी घ्यावेत, पिशवीत चुरडून त्यांच्या एकत्र रसाचे मापन करावे. शेवटचे आठ-दहा दिवस हे रोजच्या रोज, त्याच वेळी, शक्यतो सकाळी करावे. मणी चावून बी पाहावे. बी हिरवट असेल आणि साल चावताना तोंडाला चिकटत असेल, तर आकडे काहीही सांगोत, एक-दोन दिवस थांबायला हरकत नसते.

७. रात्री खुडणी करण्याचा आग्रह कशासाठी? आणि द्राक्षे तुर्भ्याच्या शीतगृहात आणून ठेवली तर?

पहाटे तीनला बागेत उभे राहिले की याचे उत्तर हाताला लागते. डोक्याला दिवा बांधलेल्या बायका ओळीत पुढे सरकत असतात, घड हातात घेतला की तो माठातल्या पाण्यासारखा गार लागतो. तोच घड दुपारी बाराला कोमट असतो. फळ १२ अंशांवर आले तर त्याला आणखी थोडेच थंड करावे लागते. २८ अंशांवर आले तर शीतकरण यंत्राचा पहिला अर्धा दिवस केवळ ती उष्णता काढण्यात जातो, आणि तेवढ्या वेळात ऑक्सिडेशन व रानटी जंतू आपले काम करून मोकळे होतात. सूर्य वर येण्याआधी शेवटचा क्रेट वायनरीच्या छपराखाली आलेला असावा. क्रेट उथळ असावेत आणि त्यात वीस किलोंपेक्षा जास्त फळ भरू नये, नाहीतर तळाचे मणी फुटून रस वाहू लागतो.

फळ कसारा घाट उतरवून नवी मुंबईत आणण्याची कल्पना अनेकांनी मांडली आहे, कारण शीतगृहांची सोय इकडे चांगली आहे. खाण्याच्या अख्ख्या द्राक्षाला ते मानवते, कारण त्याचा मणी फुटलेला नसतो. वाइनच्या द्राक्षाचा घड घट्ट असतो आणि प्रवासात फुटलेल्या प्रत्येक मण्याचा रस उघड्या हवेत येतो. बागेपासून प्रेसपर्यंतचे (रस पिळून काढण्याच्या यंत्रापर्यंतचे) अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावे. ते दोन-तीन तासांहून अधिक नसावे.

८. बोर्डो मिश्रण आणि गंधकाच्या फवारणीचा वाइनवर परिणाम होतो का?

होतो, आणि या जातीवर विशेष होतो. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी वापरल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात तांबे असते आणि तांबे थायोल द्रव्यांना बांधून टाकते; पॅशनफ्रूट आणि पेरूचा वास तयार होण्याआधीच त्याचा बंदोबस्त झालेला असतो. भुरी रोगासाठी मारलेले गंधक मण्यावर राहिले तर यीस्ट त्याचे हायड्रोजन सल्फाइड करते आणि सडक्या अंड्याचा वास येतो (प्रश्न १३ पाहावा). म्हणून मणी पाणी भरू लागल्यावर तांबे पूर्ण बंद करावे आणि गंधकाची शेवटची फवारणी खुडणीच्या पुरेशी आधी उरकावी. बाग दुसऱ्याची असेल तर फवारणीची वही मागून घ्यावी. शेतकऱ्याला यात अविश्वास वाटू नये, यासाठी कारण आधीच समजावून सांगावे.

९. रस काढताना तो तपकिरी होतो. हे कसे टाळायचे?

प्रेसमधून पडणारा पहिला रस कोवळ्या मटाराच्या रंगाचा असतो. तो हवेत तसाच राहिला तर काही मिनिटांत कोऱ्या चहासारखा दिसू लागतो. चिरलेले सफरचंद किंवा बटाटा काळवंडतो तीच ही क्रिया आहे. रंग पुढे बऱ्याच अंशी निवळतो, पण या क्रियेत तयार होणारी क्विनोन द्रव्ये थायोलना आणि त्यांचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनला गिळतात, ते नुकसान मात्र भरून येत नाही.

उपाय तीन आहेत. फळ चुरडतानाच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट द्यावे : टनाला ७० ग्रॅम दिले की सुमारे ४० पीपीएम सल्फर डायऑक्साइड मिळतो, कारण या भुकटीच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भागच सल्फर डायऑक्साइड असतो. दुसरा उपाय म्हणजे रस पडतो त्या पात्रात कोरडा बर्फ टाकून कार्बन डायऑक्साइडची चादर ठेवणे. तिसरा म्हणजे प्रेसचा दाब बेताचा ठेवणे. सुरुवातीचा हलक्या दाबाचा रस आणि शेवटचा पिळून काढलेला रस वेगवेगळ्या टाक्यांत घ्यावा. टनाला साधारण ५५० लिटरनंतर येणारा रस चाखून पाहावा. तो जिभेला तुरट लागला आणि सामू वर गेलेला दिसला की टाकी बदलावी.

साल रसात मुरवावी का, असेही विचारतात. आठ-दहा अंशांवर तीन-चार तास मुरवल्याने वास वाढतो, पण सालीतले पोटॅशियम रसात उतरून सामू चढतो. सामू आधीच काठावर असेल तर मी हे टाळते.

१०. रस किती निवळू द्यायचा? अगदी पाण्यासारखा?

तितका नको. आठ ते दहा अंशांवर, पेक्टिन तोडणारे एन्झाइम घालून, चोवीस ते छत्तीस तासांत गाळ तळाला बसतो. वरचा रस हलक्या हाताने काढून घ्यावा. गढूळपणा १०० ते १५० एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा. याहून गढूळ रसातून जड, गंधकी वास येतो आणि याहून नितळ रसात यीस्टला लागणारी स्निग्ध द्रव्ये उरत नाहीत, त्यामुळे किण्वन रेंगाळते. मापक नसेल तर पेल्यामागे छापील कागद धरावा : अक्षरे दिसावीत, पण सहज वाचता येऊ नयेत.

११. किण्वन जितके थंड तितके चांगले, हे खरे का?

ही समजूत अर्धीच खरी आहे. फार उबेत, म्हणजे २० अंशांच्या वर, वासाची द्रव्ये वायूबरोबर उडून जातात हे खरे; पण पहिल्या दिवसापासून ११-१२ अंशांवर ठेवले तर यीस्ट अशक्त राहते, थायोल मोकळे करण्याचे काम नीट होत नाही आणि केळे व पेरड्रॉप या विलायती गोळीसारखा वास वरचढ होतो, जो कोणत्याही पांढऱ्या वाइनमध्ये मिळू शकतो. मी सुरुवात १६-१७ अंशांवर करते, किण्वन जोमात आल्यावर १४ अंशांपर्यंत उतरवते आणि शेवटच्या दोन-तीन ब्रिक्सना पुन्हा १६ पर्यंत चढू देते, म्हणजे साखर पूर्ण संपते. दिवसाला एक ब्रिक्स उतरणे ही चांगली चाल समजावी. दोन ते तीन आठवडे लागतात.

यीस्ट निवडताना थायोल मोकळे करण्याची क्षमता असलेला वाण घ्यावा आणि १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम वापरावा. कोरडे यीस्ट त्याच्या दहापट, ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे भिजवावे. मग थोडाथोडा थंड रस घालत त्याचे तापमान टाकीच्या जवळ आणावे. दोन्हींत दहा अंशांहून अधिक फरक असताना यीस्ट ओतले तर ते दचकते, आणि त्याची किंमत पंधरा दिवसांनी मोजावी लागते.

एक सावधगिरी येथेच सांगते, कारण ती जिवाशी निगडित आहे. एका लिटर रसातून पन्नास लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत आणि रिकाम्या टाक्यांत साचतो. किण्वन चालू असलेल्या खोलीत एकट्याने काम करू नये, आणि टाकी धुण्यासाठी आत उतरण्याआधी पंखा लावून ती मोकळी करावी, वायुमापकाने तपासावी.

१२. यीस्टला डीएपी द्यायचे म्हणतात. शेतात टाकतो तेच का?

रसायन तेच, पोते ते नव्हे. खताच्या डीएपीत इतर घटक असतात. वायनरीत केवळ खाद्य दर्जाचेच वापरावे. रसातील यीस्टला उपलब्ध नत्र लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असावे. लिटरला १०० मिलिग्रॅम डीएपीने सुमारे २१ मिलिग्रॅम नत्र वाढते, त्यावरून हिशेब करावा. एकदम सुरुवातीला सगळे देऊ नये : अमोनियम नत्र सहज मिळाले की यीस्ट थायोलचे पूर्वद्रव्य आत घेण्याची तसदी घेत नाही. एक तृतीयांश साखर संपल्यावर दिलेले बरे.

१३. टाकीतून सडक्या अंड्याचा वास येतो. तांबे घालू का?

आधी थांबावे. किण्वन चालू असताना असा वास आला तर बहुधा यीस्टची उपासमार होत असते. नत्राची तूट भरावी आणि टाकीतला रस वरून एकदा मोकळा सोडून थोडी हवा द्यावी. या टप्प्यावर यीस्ट तो ऑक्सिजन वापरून टाकते, त्यामुळे नुकसान होत नाही. किण्वन संपल्यावर मात्र हाच उपाय घातक ठरतो.

काही वर्षांपूर्वी दोन हजार लिटरच्या एका टाकीत मला असा वास आला आणि मी चाचणी न घेता, मागच्या वर्षीच्या वहीतील प्रमाणावर विसंबून, रात्री कॉपर सल्फेटचे द्रावण घातले. सकाळी अंड्याचा वास गेला होता. त्याबरोबर पेरूही गेला होता, पॅशनफ्रूटही. पेल्यात स्वच्छ, आंबट, ओळख नसलेली एक पांढरी वाइन उरली होती, आणि ते फळ मी स्वतः पहाटे निवडून आणलेले होते. प्रश्न ८ मध्ये सांगितलेले तांब्याचे वागणे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्या सकाळी ते नाकाने शिकवले. तेव्हापासून मी आधी पेल्यांत चाचणी घेते : एका पेल्यात नुसती वाइन आणि पुढच्या तीन पेल्यांत चढत्या क्रमाने अगदी किंचित तांबे. ज्या सर्वांत कमी प्रमाणात वास जातो तेच प्रमाण टाकीत वापरावे, आणि शंका असेल तर वाइन काही दिवस यीस्टच्या गाळावर तशीच ठेवून वाट पाहावी. पुष्कळदा वास आपोआप ओसरतो.

१४. किण्वन संपल्यावर लगेच काय करायचे? मॅलोलॅक्टिक किण्वन करायचे का?

मॅलोलॅक्टिक करू नये. त्यात जिवाणू मॅलिक आम्लाचे मवाळ लॅक्टिक आम्ल करतात, आणि जे आम्ल राखण्यासाठी पहाटे तीनला उठलो तेच हातचे जाते. म्हणून साखर संपताच टाकी दहा अंशांखाली आणून सल्फर डायऑक्साइड द्यावा. त्याचे प्रमाण सामूवर ठरते : ३.० सामूला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला १३ मिलिग्रॅम पुरतो, ३.२ ला सुमारे २०, ३.४ ला ३२ आणि ३.६ ला ५० लागतो. कमी सामूचे फळ एवढे का जपायचे, याचे आणखी एक कारण या आकड्यांतून दिसते. टाकी काठोकाठ भरलेली असावी. अर्धवट असेल तर वर नायट्रोजन ठेवावा.

१५. बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले. आणि एका बाटलीत वाइन धुरकट झाली. भेसळ आहे का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि भेसळ एकीतही नाही. खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, बाटली फ्रिजमध्ये गेली की ते बसतात आणि आरोग्याला निरुपद्रवी असतात. वायनरीत बाटलीबंद करण्याआधी वाइन उणे दोन ते उणे चार अंशांवर काही दिवस ठेवली तर ते टाकीतच बसतात. धुरकटपणा प्रथिनांचा असतो. सॉव्हिन्यॉन ब्लाँमध्ये प्रथिने मुळात जास्त असतात आणि उष्णतेने ती साखळतात. ठाण्याच्या मे महिन्यात एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहिलेल्या बाटलीत हे हमखास दिसते. त्यावर बेन्टोनाइट ही चिकणमाती वापरतात. किती घालायची हे चाचणीवरून ठरवावे : गाळलेला नमुना ८० अंशांवर दोन तास तापवून थंड करावा, धुरकट झाला तर प्रमाण वाढवावे. जास्त बेन्टोनाइट वासही खेचून नेते, म्हणून पुरेसे झाले की थांबावे.

१६. मांजराच्या मुतासारखा वास आला तर वाइन बिघडली का?

नाही. लोक संकोचाने विचारतात, पण हे वर्णन जाणकारही करतात. तो एका थायोल द्रव्याचा वास आहे आणि अल्प प्रमाणात तो टोमॅटोच्या पानासारखा किंवा घाणेरीची फांदी मोडल्यासारखा टवटवीत वाटतो. पेला हलवून पाच मिनिटे ठेवला की इतर वास पुढे येतात. बिघाडाचे वास निराळे : शिजलेले सफरचंद, ओला पुठ्ठा, व्हिनेगर.

१७. ओकच्या पिंपात ठेवली तर ती थंड हवामानाची राहील का?

हा अपवाद आहे. कॅलिफोर्नियात रॉबर्ट मोंडावी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘फ्यूमे ब्लाँ’ या नावाने ओकचा स्पर्श असलेली सॉव्हिन्यॉन ब्लाँ लोकप्रिय केली, आणि फ्रान्समधील बोर्दोत सेमियों या पांढऱ्या जातीबरोबर मिसळून पिंपात ठेवण्याची जुनी रीत आहे. जुन्या, वास उतरलेल्या पिंपात आंबवलेला थोडा भाग मिसळला तर तोंडातील भरीवपणा वाढतो. नव्या ओकची व्हॅनिला मात्र हिरव्या वासावर बसते.

१८. ठाण्यात किंवा नवी मुंबईत बाटली कशी ठेवायची? किती दिवस टिकते?

फ्रिजमध्ये ठेवावी. माळ्यावर, गॅसच्या वरच्या फडताळात किंवा खिडकीलगत ठेवू नये. मी एकदा एकाच पेटीतील दोन बाटल्या घेतल्या आणि मार्चच्या अखेरीस एक माळ्यावर, एक फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. जूनमध्ये दोन्ही शेजारी उघडल्या. फ्रिजमधली फिकट हिरवट होती, कैरी फोडल्यासारखा वास होता. माळ्यावरची सोनेरी झाली होती आणि तिला डब्यातल्या मटाराचा व शिजलेल्या सफरचंदाचा वास येत होता. ही वाइन मुरवण्यासाठी नसते. बाटलीबंद झाल्यापासून वर्ष-दीड वर्षात ती संपवावी. फिरकीच्या झाकणाची बाटली कमी दर्जाची मानू नये. बुचापेक्षा ते झाकण हवा अधिक चोख अडवते आणि या जातीला तेच हवे असते. पेल्यात वाढताना वाइनचे तापमान आठ ते दहा अंश असावे; आपल्या उकाड्यात पेला लवकर तापतो, म्हणून थोडीथोडी ओतावी. तळलेले बोंबील किंवा ओल्या नारळाची, कोथिंबिरीची चटणी लावून वाफवलेले पापलेट यांच्याबरोबर ती फार छान जाते.

१९. यंदा फळ उशिरा खुडले, सामू ३.७ आहे. टार्टारिक आम्ल घालून थंड हवामानाची धाटणी आणता येईल का?

आंबटपणा आणता येईल, धाटणी नाही. लिटरला एक ग्रॅम टार्टारिक आम्लाने सामू साधारण ०.१ ने उतरतो, म्हणजे ३.७ चा ३.३ करायला चार ग्रॅम घालावे लागतील. त्यातले काही पुढे क्षार होऊन बसेल आणि उरलेले जिभेवर वेगळे, टोकदार जाणवेल. त्याशिवाय ज्या उन्हाने सामू चढवला त्यानेच पायराझिनही जाळलेले असते, ते कोणत्याही पुडीत मिळत नाही. अर्धा-एक ग्रॅमची दुरुस्ती किण्वनाआधी, रसातच करावी. तिला माझा आक्षेप नाही आणि नाशिकमध्ये बहुतेक वर्षी ती लागतेही. ३.७ च्या फळाबाबत मात्र माझा सल्ला असा की, लिटरला दीड ग्रॅमपर्यंत आम्ल घालून सामू ३.५५ च्या आसपास आणावा, सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण प्रश्न १४ प्रमाणे वाढवावे आणि ते फळ लवकर खुडलेल्या शेनिन ब्लाँबरोबर मिसळून साधी, पिकल्या फळांच्या चवीची पांढरी वाइन करावी. पुढच्या वर्षी त्याच बागेतल्या दोन-तीन ओळी आठ दिवस आधी खुडून त्यांचा रस वेगळ्या टाकीत घ्यावा आणि दोन्ही टाक्यांचे आकडे एकाच पानावर शेजारी लिहून ठेवावेत.